बिनसांध्याची साखळी

“सांधा हाय ह्यात!” बब्रुवान एवढ्या मोठ्यानं म्हणाले की रुखवताभोवतीच्या बायका पटापट बाजूला झाल्या.

बब्रुवान म्हणजे नवरदेवाचे चुलते, लोहारा गावचे. सकाळीच वऱ्हाड घेऊन कळंबला उतरले होते. रुखवतातले लोकरीचे ससे, मण्यांचा मोर, कशाकडे म्हणून त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हात घातला तो थेट लाकडी साखळीला. एकवीस कड्या, एकीत एक अडकलेल्या आणि जोड म्हणाल तर कुठंच नाही. अख्खी साखळी शिवणीच्या झाडाच्या एकाच दांड्यातून कोरून काढलेली.

“आवो, सांधा न्हाय तर कडीत कडी गेली कशी? सरस लावून डकवलीय. भुलवतेत निस्तं!”

वऱ्हाडी हसले. नवरीच्या बापाचं, व्यंकटचं तोंड मात्र एवढंसं झालं. आज साखळीवरून भुलवतेत म्हणाले, उद्या पोरीवरून काय म्हणतील?

मांडवाच्या कडेला पानाचं तबक घेऊन बसलेल्या मकबूलनं सगळं ऐकलं. साखळी त्याची होती.

मकबूल तहसील कचेरीत कारकून. निजामाच्या राज्यात त्याचं उर्दू अक्षर असं होतं की साहेब लोक आल्यागेल्याला कागद काढून दाखवत. मग राज्य बदललं, कारभार मराठीत आला आणि चाळिशीच्या घोड्याला अ आ इ गिरवायची पाळी आली. अक्षर कोंबडीचे पाय. नवी पोरं तोंडावर हसायची. शेवटी त्याला टपालाच्या टेबलावर बसवलं, पाकिटं चिकटवायला. त्या दिवसांत शेजारच्या व्यंकटची सत्यभामा, चौथीतली एवढीशी पोर, रोज संध्याकाळी पाटी घेऊन यायची आणि त्याला अक्षरं काढून द्यायची. ती एकदाही हसली नाही.

अक्षर काही सुधारलं नाही. पण सवयीचा हात रिकामा कसा राहणार? त्यानं चाकू धरला. तोंड उघडणारा मासा केला, झाकण कुणालाच सापडू नये अशी डबी केली. लाकडाच्या मिरच्या करून रंगवल्या, तर बायकोनं, रजियाबीनं, त्यातली एक खरी समजून आमटीत टाकली. त्यानंतर दोन दिवस घरात अबोला.

“घर है का सुताराचं दुकान जी?” ती करवादायची. “चुलीला लाकूड न्हाय अन् तुमी लाकडाची भाजी करा!”

या साखळीला आठ महिने लागले होते. एकदा एकोणिसाव्या कडीला चीर गेली, तेव्हा सगळी बाजूला टाकून त्यानं नवा दांडा घेतला. सत्यभामेच्या रुखवतात खोट असलेली वस्तू? छे!

आणि आता हा पाहुणा म्हणतो, सरस!

मकबूल तबक घेऊन पुढे झाला.

“पाहुणे, साखळी म्या केली. कुठल्या बी कडीवर बोट ठेवा.”

“ठिवून काय करू?”

“फोडून बघू. डकवलेली असंल तर सांध्यावर सुटंल.”

“अजी, खुळे झाले का तुमी!” बायकांतून रजियाबी ओरडली. “आठ महिने डोळे फोडले ना तिच्यापायी!”

जिला साखळी डोळ्यांसमोर नको होती, तीच आता रडवेली झाली होती.

बब्रुवानांना तिथंच थांबता आलं असतं. पण सगळा मांडव बघतोय म्हटल्यावर माणूस मागं कसा सरणार? त्यांनी मधल्या कडीवर बोट ठेवलं. मकबूलनं तबकातला अडकित्ता उचलला, कडी दोन्ही बाजूंनी दाबली. कट्. कट्. फुटलेली कडी त्यानं पाहुण्यांच्या हातावर ठेवली.

बब्रुवानांनी तुकडे उन्हात धरले, नखानं खरवडले, जिभेलासुद्धा लावून पाहिले. आत एकसलग रेषा. सरसाचा वास नाही की डाग नाही.

“आणिक एक दाखवा,” मकबूल म्हणाला.

“नगं, ऱ्हाऊ द्या आता.”

“दाखवा. मनात शक ठेवून पोरीला नेऊ नका.”

बब्रुवानांचं बोट कुठं टेकलं ते त्यांनाही नीट कळलं नसेल. दुसरी कडी फुटली. साखळीचे तीन तुकडे झाले. तिथंही सांधा नव्हता.

“न्हाय सांधा,” बब्रुवान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग आवाज खाली गेला. “चुकलं माझं, मियाँ. बसल्या जागी वाटोळं केलं म्या. परत जुळवता येती का? म्हणाल तसला सरस आणून देतो.”

मकबूलनं तीनही तुकडे तळहातावर घेतले. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, आणि ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही.

“जुळंल की,” तो म्हणाला. “पण मग सांधा यील.”

कुणीच हसलं नाही. तेवढ्यात मुंडावळ्या सावरत सत्यभामा बायकांतून पुढं आली. तिनं त्याच्या हातातले तुकडे घेतले आणि पदरात ठेवले.

“चाचा, मी ही अशीच नेणार,” ती म्हणाली. “हिच्यातलं काही मागं राहू देऊ नका.”

मकबूल खाली बसायला गेला, तोवर बब्रुवान जाजमावर गुडघे टेकून बसले होते. फेटा सावरत, डोळे बारीक करत, फुटलेल्या कड्यांचे कपचे ते एकेक वेचत होते.