खालच्या आळीचे शंभर टक्के

जपानातल्या किरिनोसे गावात माणसं एकमेकांच्या पोटाची चौकशी उघडपणे करायची, आणि त्यात कुणाला लाज वाटायची नाही. ही नगराध्यक्ष शिओबारांची कृपा. आठ वर्षांपूर्वी ते निवडून आले तेच तपासणीच्या जोरावर. आजार आधी पकडू, दवाखान्याचा खर्च वाचवू, म्हातारपण हसतखेळत घालवू. त्यांचं हे बोलणं खरंही होतं. पण खरं बोलणं भाषणात शिरलं की त्याला आकडे लागतात, आणि आकडे लागले की आळ्याआळ्यांत चुरस लागते.

खालच्या आळीची आरोग्य स्वयंसेविका होती तोमिए यागिशिता. वय बासष्ट, अंगाने बारीक, कामाला वाघ. हे काम पाळीपाळीने दोन-दोन वर्षांसाठी येतं, बहुतेक बायका ते कपाळाला आठ्या घालून उरकतात. तोमिएने मात्र ते मनावर घेतलं. जूनमध्ये आतड्याच्या कर्करोगासाठीच्या शौचतपासणीची पाकिटं वाटायची, प्रत्येकात हिरव्या झाकणाच्या दोन नळ्या. दोन दिवसांचा नमुना घ्यायचा, तो फ्रिजमध्ये ठेवायचा आणि ठरल्या सकाळी सभागृहात आणून द्यायचा. लोणच्याच्या डब्याशेजारी ही नळी ठेवायला नाक मुरडणाऱ्या सुनांनासुद्धा तिने गोड बोलून वळवलं होतं. आळीत घरं अडतीस. त्या सकाळी आठ वाजता नगरपालिकेच्या परिचारिकेने आणलेल्या थंड पेटीत सदतीस घरांची पाकिटं आली होती.

अडतिसावं घर इवाओ मुराकोशींचं. बायको गेल्यापासून हा माणूस एकटा राहायचा, वय त्र्याहत्तर, केशरी पर्सिमॉन फळांची बाग आणि तोंडाला कुलूप नाही.

दहा वाजता शिओबारासाहेब फोटोवाल्याला घेऊन येणार होते. 'शंभर टक्के' असा कापडी फलक छापून तयार होता, कारण तोमिएचा नवरा कात्सुजी, जो आळीत साहेबांच्या प्रचाराचं बघायचा, त्याने आदल्या दिवशीच "झालं म्हणून समजा" असं सांगून टाकलं होतं. तोमिए धावत बागेत गेली.

"मुराकोशीसान, पाकीट?"

"हे काय." शिडीवरूनच त्यांनी खिशातून पाकीट काढून दिलं. वर नाव होतं, जन्मतारीख होती. आत नळ्या कोऱ्या करकरीत.

"अहो, रिकाम्या आहेत या!"

"मग? माझं पोट काय नगरपालिकेच्या वेळापत्रकावर चालतं?"

"असं काय करता? एक तुमच्यापायी अडलंय सगळं."

"तुम्हालाच एवढी हौस आहे ना, मग तुम्हीच भरा," ते म्हणाले आणि फांदी छाटायला लागले.

ते चेष्टेत म्हणाले होते. तोमिएला ते कळलं होतं. तरीही ती घरी गेली, न्हाणीघराचं दार लावलं आणि पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या. एकीवर तिने कालची तारीख घातली, दुसरीवर आजची. हात स्वच्छ धुतले. दहा वाजता फलकामागे उभी राहून ती हसली, आणि तो फोटो पेपरात आला.

जुलैत निकालाची पत्रं आली. मुराकोशींनी आपलं पत्र फ्रिजवर चिकटवलं आणि रस्त्यातून जाणाऱ्या तोमिएला हाक मारली, "तोमिएसान, माझं पोट उत्तम आहे म्हणे! नगरपालिकेनं लिहून दिलंय. न देता पास झालो की!"

दोघंही पोट धरून हसली. हे हसणं पुढे तिला फार टोचलं.

ऑक्टोबरात त्यांची मुलगी चिनात्सु शहरातून आली. पर्सिमॉन पिकायला लागली होती. परत निघताना तिने तोमिएला फाटकाशी गाठलं.

"काकू, बाबा फार उतरलेत हो. पँट कमरेवर राहत नाही. दवाखान्यात चला म्हटलं तर फ्रिजवरचा कागद दाखवतात. पण तो कागद बघितला आणि माझा जीव भांड्यात पडला. तुम्ही मागे लागून करून घेतलंत म्हणून, नाहीतर आमचे बाबा कसले ऐकतायत! तपासणी नीट झालीय ना?"

बोलायचं असतं तर तेव्हाच. पाकिटाचं प्रकरण एक वेळ गाढवपणा होता, पण समोर त्यांची पोटची पोर विचारत होती. नगरपालिकेत काय म्हणतील, कात्सुजी काय म्हणेल, आळीतल्या बायका तोंडावर हात ठेवून कशा हसतील, सगळं एका क्षणात तोमिएच्या डोळ्यांपुढून गेलं.

"हो ना," ती म्हणाली. "वयानं होतं असं. नीट जेवायला सांगा."

चिनात्सुने कमरेत वाकून आभार मानले आणि ती गाडीत बसली.

त्या संध्याकाळी तोमिए मुराकोशींकडे गेली. सूप घेऊन गेली, म्हणजे निमित्त झालं.

"एकदा खरंच दाखवून या," ती म्हणाली. "तो कागद खोटा आहे, तुम्हाला माहीत आहे."

"थोडं रक्त पडतं, ते मूळव्याधीचं. आमच्या वडिलांनाही होती." त्यांनी सुपाचा वास घेतला. "आणि कागद खोटा कसा? शिक्का आहे त्याच्यावर. तो दाखवला की पोरगी गप्प बसते, तेवढं मला पुष्कळ आहे."

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. तिसऱ्यांदा ती त्यांच्या घरावरून जायचं टाळून मागच्या रस्त्याने जायला लागली.

डिसेंबरात मुराकोशी सोललेली पर्सिमॉन दोरीला टांगता टांगता कोसळले. शहरातल्या इस्पितळात निदान झालं. आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली. त्यांना घरीच मरायचं होतं, म्हणून चिनात्सु रजा काढून त्यांना घरी घेऊन आली.

तिने नगरपालिकेला पत्र लिहिलं. जूनमध्ये दोष नाही म्हणता आणि डिसेंबरात डॉक्टर म्हणतात बाबा वसंत ऋतूपर्यंतही जगणार नाहीत, हे कसं? पत्र साधं होतं, पण निवडणूक पाच आठवड्यांवर आलेली. विरोधी सदस्याने ते सभेत वाचून दाखवलं. साहेबांच्या फोटोसाठी नमुने ताटकळत ठेवले, उन्हात खराब झाले, असा त्याचा तर्क. मग प्रश्न आला, पेटी कुणाच्या ताब्यात होती? ती होती होनामीच्या ताब्यात. होनामी नगरपालिकेची परिचारिका, सव्वीस वर्षांची, नोकरीत दुसरंच वर्ष. ठरलं असं की तिने मुराकोशींच्या घरी जाऊन माफी मागायची, आणि एप्रिलपासून कचरा विभागात बसायचं.

तोमिएने रात्रीच्या जेवणाला नवऱ्यापुढे सगळं ओकून टाकलं. कात्सुजीच्या चॉपस्टिक्स हातातच राहिल्या.

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच पहिल्यांदा."

"मग मलाच शेवटचं." त्याने त्या भाताच्या वाटीवर आडव्या ठेवल्या. "आता बोललीस तर शिओबारासाहेब पडतील. मुराकोशीसान काही उठून बसणार नाहीत."

"आणि ती पोरगी?"

"बदलीच होतेय ना? फाशी तर नाही."

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, म्हणूनच तोमिएला तो ऐकवेना. आपणही ऑक्टोबरात असाच हिशेब केला होता हे तिला कळत होतं.

रविवारी दुपारी होनामी मिठाईचा डबा घेऊन निघाली. आळीची स्वयंसेविका म्हणून बरोबर तोमिएला जावं लागलं. वाटेत होनामी म्हणाली, "यागिशितासान, मी पेटीत बर्फ तीनदा बदलला होता. देवाशपथ. पण कदाचित चुकलंही असेल. आता मलाच खात्री वाटत नाही."

तोमिए रस्त्याकडे बघत चालत राहिली.

चिनात्सुने त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, चहा ठेवला. सरकत्या दारामागे मुराकोशींचं अंथरूण होतं. दारापाशी त्यांचा म्हातारा कुत्रा पसरला होता. होनामी चटईवर कपाळ टेकून म्हणाली, "माझ्या हलगर्जीपणामुळे..." आणि पुढचं तिला बोलवेना. शेजारी तोमिएनेही कपाळ टेकलं. चटईच्या गवताचा वास नाकात जात होता आणि तिला वाटत होतं, असंच राहावं, वर बघूच नये.

"उठ गं पोरी!" आतून खोकल्यासारखा आवाज आला. "तुझं काही चुकलेलं नाही. मीच फसवलं. त्या नळ्यांत या कुत्र्याची घातली होती मी."

चिनात्सुचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला.

"बाबा! काय बोलताय?"

"खरं तेच. कटकट मिटवायची होती. आता मारायचं तर मला मार, पण लवकर, मग मी सापडायचा नाही."

चिनात्सुने दोघींपुढे डोकं जमिनीला लावलं. "माफ करा. तुम्ही एवढं दारोदार फिरता आणि आमच्या घरानं तुमची थट्टा केली. काकू, तुम्हाला आता तोंड कसं दाखवू? होनामीसान, मी उद्याच नगरपालिकेला लिहून देते." होनामी रडता रडता हसायला लागली, डोळे पुसायला तिला रुमाल सापडेना.

सगळं मिटलं होतं. पोरगी सुटली, साहेब सुटले, आळीचा फलकही राहिला. मरणाऱ्या माणसाने शेवटचा श्वास राखून तोमिएला वाचवलं होतं, आणि तिने फक्त चहा उचलून प्यायचा होता. तिने पेला उचललाही. पण समोर चिनात्सुचं डोकं अजून खालीच होतं, त्यात चारदोन पांढरे केस दिसत होते. ज्या बाईने तिच्या बापाचे सहा महिने खाल्ले, तिच्यापुढे ती वाकली होती. तोमिएला ते सहन झालं नाही. तिने पेला खाली ठेवला.

"चिनात्सुसान, उठा. कुत्र्याची नव्हती. माझी होती."

"गप्प बसा हो बाई!" आतून आवाज आला.

"मुराकोशीसानांनी रिकाम्या दिल्या होत्या. मी घरी नेऊन भरल्या."

होनामीचं हसू तोंडावरच थिजलं. चिनात्सु हळूहळू सरळ बसली.

"का?"

तोमिएने मनात एखादं मोठं कारण शोधलं. जिवावर बेतलेल्या गोष्टीला शोभेल असं काहीतरी. तिला ते सापडलं नाही.

"एकच घर कमी पडत होतं," ती म्हणाली. "शंभर टक्क्यांना."

चिनात्सु तिच्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ऑक्टोबरात मी तुम्हाला फाटकाशी विचारलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो," तोमिए म्हणाली. "माहीत होतं."