सिंधुच्या नावाची बाटली

"सिंधु? ह्या नावाची बाई आमच्या गावात न्हाई," पानटपरीवाल्या माणिकप्पाने बोटाचा चुना फडक्याला पुसत सांगितलं. "फुकट हेलपाटा पडला सायेब."

धम्मानंद गजभारेने खिशातला कागद पुन्हा उलगडला. सिंधु लिंबाजी पवळे, वय तेवीस, मुक्काम सावळेवाडी, आधारवरचा पत्ता मुखेडकडचा. गाव तर हेच होतं.

गजभारे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होता. सत्तावीस वर्षं लोकांचं रक्त काढून त्याचा स्वभावही तसाच झाला होता: कमी बोलायचं आणि बेताचं टोचायचं. गरोदर बाई आली की तिच्या रक्ताच्या तीन चाचण्या तो हमखास लावी, एचआयव्ही, गरमी म्हणजे सिफिलिस, आणि पांढरी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी. चार महिन्यांपूर्वी ह्या सिंधुच्या पट्टीवर काविळीची रेघ उमटली. दुसरी पट्टी लावली, तिच्यावरही उमटली. बाई मात्र रिपोर्ट न्यायला आलीच नाही. दिलेला फोन बंद. गावची आशाताई काम सोडून गेलेली. शेजारच्या गावची येऊन विचारून गेली आणि रजिस्टरात शेरा पडला, 'सापडली नाही'.

दुसरा कोणी असता तर त्या शेऱ्याखाली सही ठोकून मोकळा झाला असता. गजभारेने दिवस मोजले. बाईला नववा लागला होता. अशा आईला मूल झालं की बारा तासांच्या आत त्याला दोन सुया द्याव्या लागतात, एक लसीची आणि एक वेगळ्या औषधाची. त्या हुकल्या तर आईचा आजार लेकराच्या लिव्हरमध्ये जन्मभराचं बिऱ्हाड थाटतो. ते वेगळं औषध तालुक्याला मिळत नव्हतं. त्याने ते नांदेडहून सिंधुच्या नावावर मागवून लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. औषध होतं, बाईचाच पत्ता नव्हता. म्हणून रविवार असूनही तो एसटीने इथवर आला होता. त्यात कशासाठी आलो हे कुणाला सांगायची सोय नाही. पन्नाशीचा माणूस एका तरण्या बाईचं नाव घेत गावभर फिरतोय म्हटल्यावर पारावरची मंडळी कशी बघणार, तशीच बघत होती.

"काम काय हाय पण तिच्याकडं?"

"आधार कार्डाचं," गजभारे धडधडीत खोटं बोलला. "माहेर मुखेडकडचं आहे तिचं."

"मुखेडकडली व्हय! मंग आधी सांगायचं न्हाई का? बजरंग ढगेची बायको ती. पण ती तर ऋतुजा हाय." माणिकप्पाने जरा विचार केला. "लग्नात नाव फिरवलं असंल. माहेरचं नाव कोण ध्यानात ठेवून राहिलंय?"

गजभारेला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आधारवरचं नाव लिहून घ्यायचं आणि सासरच्या गावात त्याच नावाने शोधत बसायचं. त्याची स्वतःची बायको विशाखा माहेरची कमळा होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तिच्या चुलत्याने "कमळेऽ" म्हणून हंबरडा फोडला, आणि हा म्हातारा कुणासाठी रडतोय असं गजभारेला क्षणभर वाटून गेलं होतं. त्याची लाज त्याला अजून वाटे.

बजरंगचं घर टपरीपासून चौथं. सासू धुरपताबाई ओट्यावर तूर पाखडत होती. "सूनबाईंचं रक्त कमी भरलंय, परत घ्यायचंय," गजभारेने सांगितलं. ऋतुजा बाहेर आली आणि तिने मुकाट हात पुढे केला. चेहरा त्याला आठवेना. चेहरे त्याच्या लक्षात राहतच नसत. पण कोपराच्या आतला भाजल्याचा डाग त्याने ओळखला. ह्या हाताची शीर सापडायला तीनदा टोचावं लागलं होतं.

म्हातारी चहा टाकायला आत गेली. तेवढ्यात त्याने हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाही. "माझी माय पिवळी होऊनच गेली, सर. पोट ह्ये एवढं फुगलं होतं." मग पोटावर हात ठेवून विचारलं, "ह्याला बी होईल?"

"दोन सुया वेळेवर बसल्या तर बहुतेक होणार नाही."

"आत्याबाईला सांगू नका. ताट येगळं करतील माझं."

"अगं, जेवणाखाण्याने होत नाही हा आजार."

"ते तुमाला ठावं हाय. बापानं दुसरी केली, मला आता जायला माहेर न्हाई."

"माझ्या तोंडून जाणार नाही," गजभारेने शब्द दिला. "कळा सुरू झाल्या की आमच्याच दवाखान्यात ये. बाकी मी बघतो."

बाकी मी बघतो, हे म्हणायला सोपं असतं. अकराव्या दिवशी ती आली, दुपारी दोन वाजता मुलगी झाली, आणि गजभारे फ्रिजमधली बाटली घेऊन लगबगीने वॉर्डात गेला. बाटलीवरचं लेबल बदलायचं काही त्याला सुचलं नव्हतं.

"सर, ही तर सिंधु पवळेची बाटली," महामाया सिस्टर खणखणीत आवाजात म्हणाल्या. "माझी बाळंतीण ऋतुजा ढगे. दुसरीचं औषध हिच्या लेकराला कसं टोचू?"

नाव जुळल्याशिवाय सुई लावायची नाही, हे त्यांना गजभारेनेच शिकवलं होतं. "सिस्टर, जरा बाहेर या," तो म्हणाला, पण उशीर झाला होता. नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या धुरपताबाईने मान वर केली.

"सिंधु? ते तर हिचं माहेरचं नाव. सायेब, कसलं औषध हाय ते?"

खरं सांगावं तर शब्द मोडतो. खोटं सांगावं तर सिस्टर सुई लावत नाहीत. "ताकदीचं..." गजभारे चाचरला.

"सिंधु मीच हाय," कॉटवरून आवाज आला. ती कोपरावर उठून बसू पाहत होती. "पांढरी कावीळ मला हाय, आत्याबाई. पोरीला व्हायला नगं म्हणून सरांनी औषध आणलंय. सिस्टर, द्या तुमी."

सिस्टरांनी पोरीच्या दोन्ही मांड्यांवर एकेक सुई दिली. पोर कळवळून रडली. धुरपताबाईने तिला कॉटवर ठेवलं, पदराला हात पुसले, थर्मास आणि आपला एकटीचा ग्लास उचलला आणि व्हरांड्यात जाऊन बसली.

"माझंच चुकलं, पोरी," गजभारे म्हणाला. त्याला खरंच तिथे उभं राहवत नव्हतं.

"न्हाई सर. तुमी शब्द पाळला." तिने एकवार व्हरांड्याकडे पाहिलं. "अंगावर पाजलं तर चालंल का पोरीला?"

"चालेल. खुशाल पाज."

तिने लेकीला जवळ ओढलं आणि दाराकडे पाठ करून ती कुशीवर वळली.