दोनदा वेचलेला कापूस

"कापूस कुठंय?" गाडीतून उतरता उतरता अंगदने विचारलं.

वडीगोद्रीहून आलेल्या क्रूझरमधून पिक्चरची अकरा माणसं एकामागून एक उतरली आणि रामकिसनच्या बांधावर ओळीने उभी राहिली. परवा संध्याकाळी हे शेत पांढरंशुभ्र होतं. पिक्चरचा शेवटचा प्रसंग निम्मा त्यात झाला होता आणि उरलेला निम्मा आज व्हायचा होता. आता समोर कापसाची नुसती पऱ्हाटी उभी होती आणि तिच्यावरची रिकामी बोंडं आ वासून पिक्चरवाल्यांकडे पाहत होती.

बांधाच्या टोकाला दैवशाला उभी होती. रोज गळ्यात असणारं कार्ड तिने काढून हातात धरलं होतं.

"म्या वेचला," ती म्हणाली.

अंगद तिथेच बांधावर बसला. तो अंबडच्या मास्तरांचा मुलगा. पुण्यात जाऊन सिनेमा शिकून आलेला, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिला पिक्चर. कॅमेरा भाड्याचा होता, तो उद्या सकाळी परत जाणार होता. पिक्चरमधल्या आईचं काम करणारी तृप्ती उद्या नाटकाच्या दौऱ्यावर निघणार होती. म्हणजे आज संध्याकाळी पाचच्या उन्हात शेवटचा शॉट झाला तर पिक्चर पुरा होणार होता, नाहीतर तो तसाच लटकणार होता.

"काकू," अंगद म्हणाला, आणि पुण्यात शिकलेलं सगळं मराठी विसरला. "तुमाला राखायला बसवलं व्हतं ना? आन् तुमीच साफ केला?"

दैवशाला पिक्चरमध्ये आली होती ती तिच्या तोंडामुळे. बारा दिवसांपूर्वी अख्खं गाव शूटिंग बघायला जमलं होतं. पुण्याहून आलेली भावना, जिच्याकडे पिक्चरमधल्या सगळ्या वस्तूंची आणि जागांची जबाबदारी होती, ती तृप्तीच्या हातात वेताची एक सुबक टोपली देत होती.

"टोपलीत न्हाई वेचत व माय कुणी," बघ्यांतून आवाज आला. "एका हातात टोपली धरल्यावर वेचणार कशानं, पायानं?"

सगळे हसले. भावना मात्र हसली नाही. तिने विचारलं, "मग कशात वेचतात?"

दैवशालाने पुढे येऊन पदराची ओटी बांधून दाखवली. त्याच संध्याकाळी तिच्या गळ्यात कार्ड आलं. त्यावर लिहिलं होतं: दैवशाला, साहाय्यक, कला विभाग.

घरी नवऱ्याने, वसंताने, कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "कला विभाग म्हंजे काय करायचं असतं?"

"दुसऱ्याच्या चुका काढायच्या."

"मंग बराबर माणूस गाठलं त्यायनी," वसंता म्हणाला.

दैवशाला नऊ वर्षांची असल्यापासून कापूस वेचत होती. त्याला आता छत्तीस वर्षं झाली. या छत्तीस वर्षांत तिला कुणी काही विचारलं असेल तर ते एवढंच, की किती किलो झाला. आणि इथे अकरा शिकलेली माणसं दिवसभर विचारायची, मावशी, हे बरोबर आहे का? चूल कुठल्या अंगाने काळी होते, पाण्याची कळशी कुठे ठेवतात, भाकरी कशात बांधून नेतात. तृप्तीला तिने चार दिवस वेचायला शिकवलं. बोंडाची टोकं टोचून त्या बाईची बोटं सोलून निघाली, पण दैवशालाने सोडलं नाही. "खाली पडलेला कापूस आधी उचलायचा. काडीकचरा फुंकायचा. मंग झाडाला हात लावायचा. पडलेल्याला सोडून पुढं गेलात तर सुरेखा हासंल तुमाला." सुरेखा म्हणजे तिच्या टोळीतली वेचणारी, आणि ती खरोखरच हसायची.

काल पिक्चरवाले जालन्यात मस्तगडला एका दुकानातला प्रसंग करायला गेले. जाताना भावनाने शेत दैवशालाच्या हवाली केलं. रामकिसनही बायको-मुलांना घेऊन साडूकडे लग्नाला गेला होता आणि जाता जाता तोही तेच सांगून गेला होता. दुपारी दोनपर्यंत दैवशाला बांधावर बसून शेळ्या हाकलत होती. मग पूर्वेकडून आभाळ भरून आलं. वारा सुटला आणि फुटलेला कापूस झाडांवर लोंबायला लागला. तिने भावनाला तीनदा फोन लावला. शूटिंग चालू असताना सगळ्यांचे फोन बंद असतात, हे तिलाही ठाऊक होतं. भिजलेला कापूस पिवळा पडतो. मग तो ना पिक्चरच्या कामाचा, ना रामकिसनच्या. दैवशालाने सुरेखाला हाक मारली. आठ जणींनी मिळून संध्याकाळपर्यंत पुढच्या सोळाच्या सोळा ओळी वेचून शेतातल्या पत्र्याच्या खोलीत नेऊन टाकल्या.

आणि पाऊस आलाच नाही. रात्री चांदणं पडलं तेव्हा दैवशाला अंथरुणात उठून बसली आणि वसंताला म्हणाली, "म्या घाण केली."

आता सकाळच्या स्वच्छ उन्हात ती हे सगळं सांगत होती आणि कुणी तिला मधे तोडत नव्हतं. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. शेवटी तिने कार्ड भावनाच्या घडीच्या खुर्चीवर ठेवलं आणि चालायला लागली.

दहा पावलांवर तिचे पाय थांबले. समोरच्या झाडाकडे ती बघत राहिली. मग तरातरा खोलीत गेली, ओटीभर कापूस घेऊन आली आणि त्यातला एक पुंजका रिकाम्या बोंडात दाबून बसवला. तो पडला. तिने पुन्हा बसवला, या वेळी बोंडाच्या टोकांत तंतू अडकवून. तो राहिला, पण जरा तिरपा.

"ताई," तिने हाक मारली. "इकडं या जल्दी. हे पाहा."

भावना आली. तिने तो तिरपा पुंजका पाहिला, मग फोनमध्ये परवाच्या शेताचा फोटो उघडला आणि बोटाने फोटोतली झाडं मोजायला लागली. "सगळं शेत नाही लागणार," ती हळूच म्हणाली. "कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच. पुढच्या आठ ओळी नीट, मागच्या नुसत्या पांढऱ्या. पण वाऱ्याने पडेल हे."

"खळ लावू. गव्हाच्या पिठाची. लेकरं पतंगाला लावतेत ती."

तासाभरात सुरेखा आणि बाकीच्या सहा जणी आल्या, त्यांच्या मागून अजून दहा-बारा. पिक्चरच्या चहाच्या शेगडीवर खळ शिजायला लागली. काय करायचं आहे हे ऐकल्यावर सुरेखा बांधावरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "आगं दैवशे, वेचलेला कापूस झाडाला लावायचा? लोकं आपल्याला येड्यात काढतील!"

"काढू दे. तू बोंड धर."

पण काम सुरू झाल्यावर भलतीच अडचण आली. बायकांचे हात ऐकेनात. सुरेखा एका बोंडात कापूस बसवायची आणि तोच हात सवयीने शेजारणीने भरलेल्या बोंडातला कापूस काढून ओटीत टाकायचा. अर्ध्या तासाने तिच्या ओटीत निघाली तेव्हा होता त्यापेक्षा जास्त कापूस होता आणि तिची ओळ जशीच्या तशी रिकामी होती. "मी लावून राह्यले, हात काढून राह्यला," ती म्हणाली. शेवटी दैवशालाने सगळ्यांच्या ओट्या सोडायला लावल्या आणि कापूस परातीत ठेवला. ओटी नसली की हाताला कापूस कुठे टाकावा ते सुचत नव्हतं.

पिक्चरवालेही झाडांना भिडले होते. अंगद खळीने कोपरापर्यंत माखला होता. कॅमेरावाला बबलू अगदी मन लावून बोंडं भरत होता. दैवशाला त्याच्यामागे येऊन थांबली.

"दादा, हे काय करून राह्यलात? तुमी तर गुलाबाची फुलं लावली. फुटलेला कापूस खाली बघतो. काढा ते समदं."

बबलूने मुकाट्याने काढलं. ती एकेका झाडापाशी थांबत पुढे सरकत होती. "ह्याला चारच लावा, हे उशिरा फुटलं व्हतं. त्या कडच्याला लई होता, लदलद होता. ह्याची वरची फांदी बिलकुल रिकामी ठेवा." भावना तिच्यामागून फोटो घेऊन चालली होती. तपासायला म्हणून आली होती ती, पण सातव्या झाडानंतर तिने फोन खिशात टाकला. दैवशालाला अख्खं शेत तोंडपाठ होतं.

दुपारी भाकरी सोडल्या तेव्हा बांधावर घरच्या लग्नात असतो तसा कालवा होता. एक शेळी येऊन खळीचं पातेलं चाटून गेली. तृप्तीने ठेचा मागून मागून खाल्ला आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. अंगद सकाळपासून पहिल्यांदा हसला.

चार वाजता काम झालं. भावनाने दैवशालाला कॅमेऱ्याजवळ नेलं आणि छोट्या पडद्यासमोर बसवलं. "बघा, मावशी. काही राहिलंय का?"

दैवशाला वाकली आणि बघतच राहिली. छत्तीस वर्षं तिने कापूस हातभर अंतरावरून पाहिला होता. एक बोंड, मग पुढचं बोंड, मग त्याच्या पुढचं. मान वर करायला तिला कधी सवड नव्हती आणि कुणी करूही दिली नव्हती. आता त्या पडद्यावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरं शेत पसरलं होतं आणि त्याच्यावर कलतं ऊन पडलं होतं.

"ताई," तिने विचारलं, "हे आपलंच हाय?"

"आपलंच."

"एवढं चांगलं दिसतं व्हय हे?" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग लगेच म्हणाली, "तिसऱ्या ओळीत सुरेखाचं एक बोंड वाकडं हाय."

पाच वाजता सगळे गप्प झाले. शॉट एकदाच घेता येणार होता, कारण तृप्ती वेचत जाणार होती आणि पुन्हा लावायला ऊन थांबणार नव्हतं. अंगदने "ॲक्शन" म्हटलं ते स्वतःलाच सांगितल्यासारखं. तृप्ती ओटी बांधून ओळीत शिरली. दैवशाला कॅमेऱ्याच्या मागे सुरेखाचा हात घट्ट धरून उभी होती.

तृप्ती निम्म्यात आली आणि वारा आला.

पऱ्हाटी हलली. खळ लावलेले सगळे पुंजके हलले आणि टिकले, एक सोडून. पहिल्या ओळीतला, कॅमेऱ्याच्या अगदी पुढचा एक पुंजका सुटला आणि मातीत पडला. गेलं, दैवशालाला वाटलं, माझ्या पायी पोराचा पिक्चर गेला.

तृप्तीने पाऊल टाकता टाकता ते पाहिलं. ती थांबली. झाडाकडे निघालेला हात तिने मागे घेतला, खाली वाकली, तो मातीतला कापूस उचलला, त्याची काडी काढली, त्यावर हलकेच फुंकर मारली आणि तो ओटीत टाकला. मग ती पुढच्या झाडाकडे वळली.

"कट!" अंगद ओरडला आणि उड्याच मारायला लागला. "हे कागदावर न्हवतं! काकू, हे कागदावर न्हवतंच!"

"कागदावर कसं असंल?" दैवशाला म्हणाली. "म्या शिकवलंय ते." आणि मग तिला रडू आणि हसू एकदमच आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, बबलूने सुरेखाच्या पाया पडण्याचं नाटक केलं आणि सुरेखानेही त्याला खराखुरा आशीर्वाद देऊन टाकला.

पॅकअप झालं. कॅमेरा डब्यांत गेला, डबे गाडीत गेले. तृप्तीने दैवशालाला मिठी मारली. भावना खुर्ची घडी करायला गेली आणि कार्ड घेऊन परत आली.

"हे तुमचं खुर्चीवर राहिलं होतं."

"आता काय करू त्याचं? काम झालं की."

"कुठे झालं? जागा जशी घेतली तशी मालकाला परत करायची, हा आपल्या विभागाचा नियम आहे." भावनाने कार्ड तिच्या गळ्यात घातलं. "आज सकाळी आपण घेतलं तेव्हा रामकिसनदादांचं शेत कसं होतं?"

"रिकामं."

"मग? आम्हाला निघावंच लागतंय. हे तुमच्यावर सोडून जाते."

गाडी निघाली. खिडकीतून हात हलत राहिले आणि मग वळणावर नुसती धूळ उरली. शेत एकदम फार मोठं वाटायला लागलं.

त्याच धुळीतून रामकिसनची मोटारसायकल आली. कपाळावर लग्नातलं कुंकू तसंच होतं. पांढरं शेत बघून त्याने गाडी बांधालाच टेकवली.

"दैवशाला! काल एवढं आभाळ आल्तं, जीव टांगणीला लागला व्हता माझा. वेचून नसता का घेतला?"

"वेचला व्हता, रामकिसनदादा."

"मंग हे काय हाय झाडाला?"

"परत लावला."

रामकिसनने तिच्याकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "कामून?"

"लांबडी गोष्ट हाय. आता परत वेचून राह्यलो," दैवशाला म्हणाली आणि सगळ्या बायका खो खो हसत ओळींत शिरल्या.

या वेळी हातांना काही सांगावं लागलं नाही. ते आपोआप चालू लागले, फक्त बोटांना खळ चिकटत होती. दैवशाला दोन ओळी गेली आणि थांबली. तिने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, मान वर केली आणि जेवढं पांढरं उरलं होतं तेवढं सगळं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बघून घेतलं. तिच्या मागे सुरेखाही थांबली.

मग दैवशाला वाकली. गळ्यातलं कार्ड लोंबून बोंडाला अडकलं. तिने ते सोडवलं आणि पुढच्या झाडाला वाकली, तर पुन्हा अडकलं. तिने ते काढलं नाही. पाठीवर टाकलं आणि वेचत पुढे गेली.