पुढचा नवा, मागचा जुना

रोपवाटिकावालीने बाह्या सारल्या आणि खडू घेऊन ती विकत घ्यायच्या ट्रकखाली शिरली. एक शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, पुढच्या चाकांना फिरवणारा होता, दुसरा मागच्या. दोन्हींवर तिने खालच्या अंगाला एकेक रेघ ओढली आणि बाहेर येऊन बाजूला ओणवी झाली.

"आता ब्रेक सोडा काका. हळू."

ट्रकचे मालक, ज्यांना सगळे धाकटे म्हणत, स्टिअरिंगमागे बसले होते. आवाराच्या उतारावर ट्रक सरकला. मागच्या शाफ्टची रेघ फिरत फिरत पुन्हा खाली आली. पुढची मात्र केव्हाच पुढे निघून गेली होती.

"बस. दोन्ही एक्सलचे दाते वेगळे आहेत. चारही चाकं जोडली की गाडी स्वतःशीच भांडते."

"चिखलात कुठे कळतं ते?" धाकटे खाली उतरत म्हणाले.

"माझा चढ निम्मा खडकाचा आहे, तिथे चाकं घसरून जुळवून घेत नाहीत. मागे आमची जुनी गाडी मध्येच बसली, आणि वर पोचेपर्यंत रोपांनी माना टाकल्या. यंदा तसं झालं, तर डोंगरावरच्या लागवडीचं काम हातचं जाईल." तिने टायरवर थाप मारली. "कुठल्या कारागिराचं डोकं हे?"

धाकट्यांनी हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"कारागीर कसला. आम्हा भावांची वाटणी झाली. वडिलांच्या दोन गाड्या. एकीचे दोन्ही एक्सल नवे, एकीचे जुने. कुणाच्या मनात राहू नये, म्हणून दोघांनी एकेक नवा, एकेक जुना घेतला."

तिने हसू दाबून पाहिलं, पण जमलं नाही.

"वाटणी कसली काका, वाट लावलीत. दोन्ही गाड्यांची."

"पण बरोबर निम्मी निम्मी," धाकटे म्हणाले.

"दुसरी कुठे आहे?"

त्यांनी हनुवटीने भिंत दाखवली. "पलीकडे. दादाकडे. बोलत नाही आम्ही."

"गाडी मी घेते. फक्त दोन्ही एक्सल एकसारखे द्या. जुने चालतील. तुमचा पुढचा नवा त्यांना, त्यांचा जुना तुम्हाला."

"म्हणजे नवे दोन्ही दादाला?"

"तुम्ही तर गाडीच विकताय. तुमचं काय जातंय?"

वाकून धाकटे पुढच्या शाफ्टवरची रेघ बघत राहिले. मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी घसा साफ केला.

"दादा, जॅक आहे का?"

पलीकडे लोखंडावर कानशीची खरखर चालली होती, ती थांबली. रोपवाटिकावालीने खडू खिशात टाकला.

"मोठा हवा की लहान?" भिंतीपलीकडून आवाज आला.

धाकट्यांनी वळून पाहिलं. तिने दोन बोटं वर केली.

"दोन्ही आण," ते म्हणाले. "गाडीही घेऊन ये."

भिंतीपलीकडे इंजिन सुरू झालं.