पितळेचा मणी आणि लाल ठिपका

मित्रांनो, माझ्याजवळ यायचे असेल तर बाजूने या, समोरून नको. मी एक जुनी छऱ्यांची बंदूक आहे. माझ्यात काडतूस नाही असे कोणी शपथेवर सांगितले, तरी माझ्या तोंडासमोर उभे राहायचे नसते. व्हर्डाला तिच्या वडिलांनी हीच गोष्ट सर्वांत आधी शिकवली होती, म्हणून तुम्हालाही तीच आधी सांगते.

माझी नळी पोलादाची आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा पितळेचा मणी आहे. नेम धरायला माझ्याजवळ एवढेच साधन होते. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात राहणाऱ्या किंब्रो नावाच्या सुताराने मला विकत घेतले. आपली मुलगी मला नीट खांद्याला लावू शकते असे दिसल्यावर त्याने मला तिच्या स्वाधीन केले. तीच ही व्हर्डा.

त्या घराची एक रीत होती. वसंतात रानटर्कीच्या शिकारीला अंधारातच निघायचे, ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसायचे आणि बंदूक मांडीवर आडवी ठेवायची. फटफटू लागले की व्हर्डा मला उचलून नळीच्या टोकाकडे बघे. मणी दिसला नाही तर मी पुन्हा मांडीवर. धुके दाटले आणि मणी दिसेनासा झाला, तर "मणी दिसत नाही" एवढेच बोलून घरी परतायचे. तिचा धाकटा भाऊ हॉलिस कितीही चडफडला तरी त्यावर वाद नसे.

वडील म्हणत, "ज्याला आपल्या बंदुकीचं टोक दिसत नाही, त्याला चाळीस पावलांवरचं काय डोंबल दिसणार?"

किती वसंत आम्ही तिघांनी त्या ओकखाली काढले! हॉलिस घुबडासारखा घुमे, म्हणजे झाडावरचा नर ओ देऊन आपली जागा सांगे. मग हातातल्या पाटीवर काडी घासून टर्कीच्या मादीचा असा हुबेहूब आवाज काढी की नर छाती फुगवून चालत येत. नेम मात्र व्हर्डाचाच. संध्याकाळी ती मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेऊन तेल लावी. शेजारी मक्याचा ब्रेड आणि गोड ज्वारीच्या धाटांची काकवी असे. "ताई, त्या बंदुकीचे लाड पुरे, मला वाढ," असे हॉलिस म्हणे, आणि ती त्याच्याकडे बघतसुद्धा नसे. तेलाचा आणि काकवीचा तो एकत्र वास मी अजून विसरलेले नाही.

मग एका सकाळी लख्ख ऊन पडलेले असताना व्हर्डाने मला उचलले, बराच वेळ रोखून पाहिले आणि ती म्हणाली, "मणी दिसत नाही."

हॉलिसने सूर्याकडे पाहिले आणि तो उठला.

मी भिंतीवरच्या खुंट्यांवर गेले. माझ्या नळीत कोळ्याने घर केले. दर वसंतात हॉलिस येऊन बसे आणि म्हणे, "ताई, पाखरं माझी थट्टा करतात गं आता." ती हसे, पण माझ्याकडे बघणे टाळी.

शेवटी हॉलिसच्या मुलाला, रँडलला, राहवले नाही. तो एक छोटी डबी घेऊन आला. तिच्यात नखाएवढे भिंग होते आणि भिंगात जळता लाल ठिपका.

"आत्या, मणीबिणी विसर. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. ठिपका जिथं, छरे तिथं."

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पाठीला भोके पाडली गेली. भिंग बसले. मागच्या कुरणात चाळीस पावलांवर कागद लावून रँडलने स्क्रू फिरवत ठिपका जुळवला. मग व्हर्डाने बार काढला. कागदाचा मध्यभाग उडून गेला.

"आता टर्कींनी मृत्युपत्रं करून ठेवावीत!" हॉलिस ओरडला.

"ठिपका नीट दिसतो ना, आत्या?" रँडलने विचारले. "अंधारात त्याचा उजेड कमी ठेव. नाहीतर तो पसरतो आणि मागचं सगळं झाकतो. आणि एकदा डोळे दाखवून घे."

"दाखवीन रे, सीझन संपला की. तू काय माझा सासरा आहेस?"

एकटी असली की व्हर्डा माझ्याशी बोलत असे. त्या रात्री भिंगातून बघत ती पुटपुटली, "ठिपका कुठला मेला, हे तर चिरडलेलं तुतीचं फळ." भिंगाचा दोष नव्हता. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला होता. पण पुन्हा खुंटीवर टांगून घ्यायची तिची तयारी नव्हती. खरे सांगायचे तर माझीही नव्हती. तिने उजेड वाढवला. ते फळ आणखी पसरले.

शिकारीच्या पहाटे आभाळ भरून आले होते. बारीक पाऊस पडत होता. आम्ही जुन्या ओकखाली बसलो आणि हॉलिस आमच्या मागे. तो घुबडासारखा घुमला. ओढ्यापलीकडून नराने ओ दिली, पण तो ओढा ओलांडून येईना. पाटी वाजवून वाजवून हॉलिस थकला.

त्याने आभाळाकडे पाहिले. अजून काळोखच होता. मणी दिसायला पुष्कळ अवकाश आहे, तोवर ताई बंदूक मांडीवरून उचलायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलेले होते. म्हणून तो काही न बोलता डावीकडून सरपटत ओढ्याकडे निघाला. तिथून हाक दिली तर नर येईल असे त्याला वाटले.

मित्रांनो, पितळेचा मणी अंधारात विझतो. ठिपका अंधारात जास्तच पेटतो.

ओल्या पाचोळ्यात पावले वाजली. टर्की चालते तेव्हा अगदी माणसासारखाच आवाज होतो. व्हर्डाने मला उचलले. झुडपात हॉलिसची टोपी काट्याला अडकून पडली होती, आणि त्याचे टक्कल व मान थंडीने लालबुंद झाली होती. टर्कीच्या नराचे डोकेही लालच असते. भिंगातला ठिपका तर त्याहून लाल. झुडपातले लाल कुठे संपते आणि ठिपक्याचे लाल कुठे सुरू होते, हे तिला कळत नव्हते. ठिपका मात्र दिसत होता, आणि तो स्थिर होता.

मला ओरडायचे होते. माझ्याजवळ एकच आवाज आहे. तिने चाप ओढला.

"ताई!"

ती धडपडत, पडत त्याच्याजवळ पोहोचली. त्याने चेहऱ्यावर दाबलेल्या बोटांतून रक्त वाहत होते. तो चिडला नव्हता. त्याला काही समजतच नव्हते.

"अगं, मणी दिसत होता का तुला?" त्याने विचारले.

"ठिपका दिसत होता रे," ती म्हणाली.

हॉलिस वाचला. डावा डोळा गेला.

नंतर रँडलने मला पुन्हा कुरणात नेले. स्क्रू सैल झाला असेल, भिंगाला धक्का लागला असेल, अशी त्याला आशा होती. त्याने बार काढला. कागदाचा मध्यभाग उडून गेला.

"काहीच बिघडलेलं नाही, आत्या."

"माहीत आहे मला," व्हर्डा म्हणाली.

पुढे तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. आता तिला सगळे दिसते. हॉलिस येतो तेव्हा आपली खुर्ची फिरवून घेतो, म्हणजे ताई उजव्या बाजूला येते. दोघेही शिकारीबद्दल बोलत नाहीत.

मला कपाटात ठेवले आहे. कुरणातून परतल्यावर ठिपका विझवायचे रँडलच्या लक्षात राहिले नाही. त्याची बॅटरी वर्षानुवर्षे टिकते म्हणे. माझ्यासमोर घरातले जुने कोट टांगलेले आहेत, आणि भिंगातला ठिपका त्यांतल्या एकावर रोखलेला आहे. तो थकत नाही, हलत नाही.

मित्रांनो, उद्या कोणीतरी मला बाहेर काढेल. तुमच्यापैकीच कोणी असेल. माझी विनवणी एवढीच, की ठिपका दिसला म्हणजे समोरचे दिसले असे समजू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. सोबतचा माणूस कुठे आहे ते विचारा, हाक मारा. पाखरू उडून गेले तर जाऊ द्या. त्या कोटात माणूस आहे की नाही, हे ठिपक्याला कळत नाही. मलाही कळत नाही. ते बघणे तुमचे काम आहे.