तळीयेची कोंबडी

चारुलताबाई महाडहून एसटीने यायच्या, आणि एसटी मेली कधी वेळेवर आलीय? बाईंचं पाऊल शाळेत पडेस्तोवर अकरा वाजायचे. तोवर पहिलीचा वर्ग कोण सांभाळणार? रेश्मा. कापडे गावाच्या पुढं, वाडीवरची ती शाळा. गावानं रेश्माला तिथं मदतनीस ठेवलेली. पाणी भरायचं, पोरांची नाकं पुसायची आणि बाई येईपर्यंत अक्षरंही शिकवायची.

पुस्तकातलं 'क'चं कमळ वाडीतल्या पोरांनी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणून रेश्मानं युक्ती काढली. ज्याचं आजोळ ज्या गावात, त्या गावाचं पहिलं अक्षर त्या पोराचं. सईचं आजोळ तळीये, म्हणून 'त' सईचा. शेजारी चित्र काय, तर सईच्या ठमाआजीची लाल कोंबडी. असे बावीस तक्ते रेश्मानं दिवाळीच्या सुट्टीत मान मोडून रंगवले.

बाईंनी ते उचलले, तालुक्याच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावानं मांडले आणि पहिलं बक्षीस घेऊन आल्या. रेश्मानं विचारलं, तर हेडमास्तरांसमोर म्हणाल्या, "मदतनिसानं मदतनिसासारखं राहावं. यापुढे वर्गात तोंड उघडायचं नाही."

रेश्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडून तिचं ऐकणार कोण? तिनं मनाशी ठरवलं, माझं नाव हिच्याच तोंडून वदवून घेईन, तेही चारचौघांत. त्या दिवसापासून ती वर्गात एक अक्षर बोलली नाही.

महिन्याभरानं विस्तार अधिकारी बक्षीसवाला वर्ग बघायला आले. 'त'च्या तक्त्यापाशी थांबले.

"बाई, 'त'ला कोंबडी कशी?"

बाईंना काय डोंबल ठाऊक? त्यांनी मागं रेश्माकडे पाहिलं. रेश्मा खाली मान घालून माठ भरत होती.

"मुलांना... आवडते ना, साहेब."

पोरं खिदळली. "ती सईच्या आजीची हाय. तळीयेची," एक पोरगा म्हणाला.

"अस्सं. यातली सई कोण हो, बाई?"

बाईंनी पुढच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ती भलतीच निघाली. खरी सई खिडकीपाशी होती. आठ महिने झाले तरी बाई आपल्याला ओळखत नाहीत, हे तिला कळलं आणि तिचे ओठ थरथरायला लागले. रेश्माच्या काळजात चर्र झालं, पण ती जागची हलली नाही. बाईंची ती धांदल बघताना तिला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

साहेब तिच्याकडे वळले. "तुम्ही सांगा. हे तक्ते कुणी केले?"

"मला वर्गात बोलायची बंदी हाय, साहेब. बक्षीस बाईंना मिळालंय. त्यांनाच विचारा."

सगळा वर्ग बाईंकडे बघत होता.

"रेश्मानं," त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं बोला, बाई," रेश्मा म्हणाली. "मागच्या पोरांना ऐकू आलं नाय."