टिंकरला हाक

"आत या ना, मिस्टर जेसप. फाटकात उभं राहून आमच्या गुलाबांना कशाला घाबरवताय?"

हेस्टर गॉडबरने हे खिडकीतूनच म्हटलं. हातात लाकडी डाव आणि चुलीवर आलुबुखारांचा मुरंबा रटरटतोय, अशा वेळी कुठली बाई दारापर्यंत स्वागताला जाणार? पण जेसप आत आला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि तो तिथेच उभा राहिला. तेव्हा मात्र हेस्टरने भांडं चुलीवरून उतरवलं.

जेसप हा ऑस्करबी हॉलच्या शिकारी कुत्र्यांची देखभाल करणारा मुख्य माणूस. बावीस वर्षांत तो या झोपडीवजा घरी वर्षातून दोनदाच यायचा. पानगळीत गाडीतून दोन पिल्लं घेऊन यायचा आणि वसंत सरता सरता ती परत न्यायला यायचा. आज सप्टेंबरची सोळा तारीख, हातात पिल्लू नाही, दारात गाडी नाही, आणि माणूस दीड मैल चालत आलेला.

"मुरंबा बिघडेल तुमचा," तो म्हणाला.

"बिघडू दे. काय झालं?"

पायरीवर बसून कोयत्याला धार लावणारा तिचा नवरा एनॉक मध्येच बोलला, "लढाई सुरू झालीय, दुसरं काय व्हायचंय? अगं, बस म्हण त्यांना."

एनॉक बायकोला नावाने कधी हाक मारत नसे. 'अगं' एवढ्या एका शब्दावर त्याचा एकतीस वर्षांचा संसार भागला होता. इस्टेटीची कुंपणं छाटणारा हा माणूस कुत्र्याच्या पिल्लांच्या नावाने मात्र वर्षभर शंख करायचा. एका जोडीने त्याची रविवारची टोपी खाल्ली होती, दुसरीने पँटचे पट्टे. पस्तीस साली तर पाहुण्यांसाठी भाजून ठेवलेली मेंढीची अख्खी तंगडी टेबलावरून गेली आणि पाहुण्यांनी उकडलेल्या बटाट्यांवर समाधान मानलं. ही गोष्ट एनॉक चर्चच्या दारात अजून सांगायचा, आणि दर वेळी ती तंगडी थोडी मोठी व्हायची.

जेसप बसला नाही. "बाई, साहेबांचा हुकूम आलाय. पन्नासातले सोळा ठेवायचे. खायला घालायचं कुठून? घोडे गेले, पोरं फौजेत गेली. वंश टिकावा म्हणून तेरा माद्या आणि तीन नर. बाकीचे..." त्याने टोपी हातात गोल फिरवली. "काल केलं मी ते. माझ्या हातानंच. दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही."

हेस्टरने हातातला डाव खाली ठेवला. मग तिने विचारलं, "माझे किती होते त्यात?"

"अकरा."

"हाकेला आले?"

"पहिल्या हाकेला," जेसप म्हणाला. "सगळे."

तिने खुर्ची ओढली. ती बसली.

कुत्र्याला त्याचं नाव शिकवायचं ते पिल्लू असताना, आणि ते काम केनलमधल्या, म्हणजे हॉलच्या कुत्राघरातल्या माणसांचं नाही. पन्नास कुत्र्यांच्या गर्दीत नाव कसलं शिकणार? म्हणून पिल्लं इस्टेटीच्या कुळांकडे, मजुरांकडे वाढायला द्यायची हा ऑस्करबीचा जुना रिवाज. तिथे ती दूध प्यायची, चपला खायची, कोंबड्यांना हात लावायचा नसतो हे फटके खाऊन शिकायची. पण सगळ्यांत आधी नाव. हेस्टरची रीत ठरलेली होती. चरबी लावलेला पावाचा तुकडा हातात घ्यायचा, शेताच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं, आणि नावाचा पहिला भाग लांबवून, दुसरा वर उचलून हाक द्यायची. 'टिंऽऽकर!' आधी पावासाठी यायचं ते पिल्लू सहा आठवड्यांत नुसत्या आवाजाला यायचं.

केनलमध्ये जेवणाच्या वेळी दार उघडून जेसप एकेक नाव घ्यायचा. पन्नास भुकेले कुत्रे दाराशी दाटलेले असायचे, पण ज्याचं नाव घेतलं तोच आत जायचा, बाकीचे लाळ गाळत थांबायचे. लंडनहून आलेले पाहुणे तोंडात बोट घालायचे. हेस्टरला हे एकदा बघायला मिळालं होतं, आणि त्या दिवशी घरी आल्यावर तिने एनॉकला ठणकावून सांगितलं होतं, "जादू त्या जेसपची नाही. माझी आहे."

आता तीच जादू तेहतीस कुत्र्यांना एकेक करून त्या दारातून घेऊन गेली होती, आणि प्रत्येकाला वाटलं असणार की जेवण आलं. हे तिच्या मनात आलं, आणि जेसप समोर उभा असताना ती रडली. तिला लाज वाटली नाही.

"एक राहिलाय," जेसप म्हणाला. "टिंकर."

टिंकर दोन वर्षांचा. त्याची बहीण टॅन्सी आणि तो, ही सदतीसची जोडी. टॅन्सी हुशार आणि ढोंगी. टिंकर दिसायला राजबिंडा, पण ढग गडगडला की हेस्टरच्या झग्याखाली शिरायचा. गेल्या वर्षी जुलैत हॉलच्या हिरवळीवर तरुण कुत्र्यांची पारख झाली, तेव्हा टिंकरच्या पायांवर परीक्षक खूश झाला आणि लेडीसाहेबांनी आपल्या हाताने हेस्टरला चांदीचा चमचा दिला. त्या दिवशी स्ट्रॉबेरी होत्या, बँड होता, आणि मजुरांच्या बायका सरदारांच्या बायकांशेजारी बसून चहा प्याल्या होत्या. वर्षातून तेवढं एकदाच व्हायचं.

"काल बंदुकीचा पहिला बार ऐकला त्यानं," जेसप सांगू लागला, "आणि झोपायच्या फळीखाली जाऊन बसला. मी हाक मारली, येईना. पाव दाखवला, येईना. रात्रभर तसाच आहे. दोरी लावून ओढता येईल. पण बाई, चाळीस वर्षांत माझा एकही कुत्रा दोरीनं गेलेला नाही. घाबरून मरू नये हो जनावरानं. तुमच्या आवाजाला येईल तो."

एनॉकचा कोयता थांबला. "डोकं ठिकाणावर आहे का, जेसप? तिनं बोलवायचं त्याला? त्यासाठी?"

"नाही म्हटलंत तर मी समजून घेईन."

"मला द्या त्याला," हेस्टर म्हणाली. "मिस्टर जेसप, मी पाळते. माझ्या ताटातलं घालीन. कोणाकडे काही मागणार नाही."

"ठेवू की," एनॉक चटकन म्हणाला. "टोपी तशीही एकच उरलीय. खाईल तर खाईल."

हेस्टरने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत या माणसाने पिल्लांबद्दल एक गोड शब्द काढला नव्हता.

जेसपने मान वर केली नाही. त्याने फक्त एक नाव घेतलं, "बेलमन."

एनॉकने कोयता खाली ठेवला. बेलमनही हेस्टरनेच वाढवलेला. तो म्हातारा झाला तेव्हा तिने साहेबांपर्यंत जाऊन हट्ट केला होता, रीत मोडून त्याला मागून आणलं होतं. चुलीपुढे घोंगडी घातली, दूध घातलं. बेलमन ना घोंगडीवर बसला, ना धड जेवला. आयुष्यभर पन्नासांच्या उबेत झोपलेलं जनावर ते. दिवसभर फाटकाशी बसून हॉलच्या दिशेने बघायचा. नोव्हेंबरात एके सकाळी लांबून शिकारीचं शिंग ऐकू आलं आणि म्हातारा कुंपणावरून उडी मारून गेला. चार दिवसांनी सापडला, सशासाठी लावलेल्या तारेच्या फासात. चार दिवस. तेव्हा हेस्टर स्वतःच जेसपला म्हणाली होती, "मी पुन्हा कधी असं मागितलं तर मला आजची आठवण करून द्या."

त्याने आज ती करून दिली होती. तिला त्याचा राग आला, आणि राग धरायला जागा नव्हती.

ती उठली. पावाचा तुकडा कापला, त्यावर चरबी फासली, नेहमीपेक्षा जाड. तो एप्रनच्या खिशात घातला आणि हॅट चढवली.

"मी येतो," एनॉक म्हणाला.

"तू नको. तुझा आवाज ऐकला तर त्याला टोपी आठवेल." तिला हसवायचं होतं, पण जमलं नाही. "मुरंब्याकडे बघ."

दोघं हॉलच्या बागेतून निघाले. हिरवळ नांगरायला काढली होती. जिथे परीक्षक उभा होता तिथे बटाटे लावायचे होते. हेस्टरने तिकडे बघितलं आणि ती चालत राहिली.

केनलच्या फाटकाशी आल्यावर तिला शांतता आधी जाणवली. एरवी इथे माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे. पलीकडच्या अंगणात सोळा कुत्रे जाळीला चिकटून उभे होते. टॅन्सीने तिला ओळखलं, मागच्या पायांवर उभी राहिली आणि शेपटी हलवत किंचाळू लागली. हेस्टर तिच्याकडे गेली नाही. आज गेली असती तर पुढचं झालं नसतं.

मोठ्या खोलीत गवत स्वच्छ अंथरलेलं होतं आणि लांबलचक फळ्या रिकाम्या होत्या. अगदी कोपऱ्यात, फळीच्या खाली, दोन डोळे.

"मी बाहेर थांबतो," जेसप म्हणाला.

"कुठं नेऊ त्याला?"

"मागच्या दारानं, फरसबंदीवर. तिथं ऊन आहे."

ती दारात उभी राहिली. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. पण बावीस वर्षांची सवय गळ्यात बसलेली असते, तिला मनाची परवानगी लागत नाही.

"टिंऽऽकर!"

गवत सळसळलं. आधी नाक आलं, मग ते देखणे पाय. पोट जमिनीला घासत तो निम्म्या खोलीपर्यंत आला, थांबला, आणि मग धावत सुटला. त्याने तिच्या एप्रनमध्ये डोकं खुपसलं, खिशात पाव आहे हे त्याला लगेच कळलं. अंग अजून थरथरत होतं, पण शेपूट हलत होती.

"आला माझा बाळ. शहाणा तो टिंकर."

तिने त्याचा कान हलकेच धरला, लहानपणी धरायची तसा, आणि त्याला उन्हात आणलं. जेसप भिंतीशी उभा होता, एक हात पाठीमागे. तो म्हणाला, "आता तुम्ही जा, बाई. पुढचं मी बघतो."

"मी गेले तर तो माझ्यामागं येईल," हेस्टर म्हणाली. "तुमचं तुम्ही करा. मी इथंच आहे."

ती गुडघ्यांवर बसली. पावाचे बारीक तुकडे केले आणि एकेक करून त्याला भरवू लागली. प्रत्येक तुकड्याला ती त्याचं नाव घेत होती, अगदी हळू, कारण आता तो जवळ होता. टिंकरने तिचा अंगठा चाटला. तिने जेसपकडे पाहिलं नाही. शेवटचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

जेसपने तिला उठायला हात दिला. त्याचा चेहरा ओला होता, पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"साहेबांना सांगेन मी, तुम्ही..."

"काही सांगू नका," ती म्हणाली. "नाहीतर यासाठीही चमचा पाठवतील."

घरी ती एकटीच परत आली. आत गेली नाही. परसात कुंपणाला खालच्या अंगाला एक भोक होतं, पिल्लांच्या पिढ्यांनी जाऊन जाऊन गुळगुळीत केलेलं. कुंपणं छाटणाऱ्याच्या स्वतःच्या कुंपणाला भोक, म्हणून गावभर एनॉकची चेष्टा व्हायची, पण त्याने ते कधी बुजवलं नव्हतं. हेस्टर त्या भोकाशी जाऊन उभी राहिली. हाताला अजून चरबीचा वास होता.

एनॉकने तिला खिडकीतून पाहिलं. मुरंबा त्याने बरण्यांत भरून ठेवला होता, थोडा करपलेला. त्याने चहा केला, दोन कप टेबलावर मांडले. आज नुसतं 'अगं' म्हणणं त्याला बरं वाटेना. काय म्हणावं ते सुचेना. मग तो दारात आला आणि लग्नात पाद्र्यापुढे घेतलं होतं तसं, जपून, त्याने तिचं नाव घेतलं.

"हेस्टर!"

तिने ऐकलं होतं. आवाजातली माया तिला कळली होती, एकतीस वर्षं या हाकेची तिने वाट पाहिली होती, आणि तरी तिचं पाऊल उचलेना. नाव घेऊन कोणी प्रेमाने बोलावलं तर जायचं नसतं, असं काहीतरी तिच्या पायांना त्या सकाळी समजलं होतं.

"हेस्टर, चहा."

ती वळली नाही. कुंपणाची एक फांदी तिने घट्ट धरली होती.

एनॉक थोडा वेळ दारात थांबला. तिसरी हाक त्याने मारली नाही. दोन्ही कप उचलले, दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या उतरला, आणि चहा सांडत सांडत तिच्यापर्यंत चालत गेला.